नंबर नसलेला शर्ट

पानं हातात पडायच्या आधी पुठ्ठा कापणारा बाइंडर शोधून सापडायचा नाही. ठकीनं तेच केलं, आणि तेही बावन्नाव्या वर्षी, तीस वर्षं हाच धंदा करून झाल्यावर. पुस्तकाची पाठ किती रुंद ठेवायची हे पानं ठोकून, दाबून, पट्टीनं मोजून ठरतं. ती सहा वर्षांची असताना बाबांनी तिला हे शिकवलं होतं, आणि विसरली तेव्हा टपली मारून पुन्हा शिकवलं होतं. पण माणूस एखाद्या गोष्टीची फार वाट बघायला लागला की त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांना काहीतरी काम द्यावंच लागतं.

ठकी हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायलाच नको. गुबगुबीत जन्मली म्हणून बाबांनी ते ठेवलं आणि ते असं चिकटलं की दुकानात येणारे वकील, मास्तर, ग्रंथपाल सगळे तिला ठकीताईच म्हणत. दुकान बाबांचं. पुढे काउंटर, मागे दाबयंत्र आणि कागद कापायचं मोठं यंत्र, त्यामागे दोघांच्या राहायच्या दोन खोल्या. खळीचा वास भिंतींत इतका मुरला होता की आल्यागेल्याला तो येई, या दोघांना येत नसे. बाबा एक्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. कोणाकडे नीट बघायचं तर त्याच्या कानाच्या बाजूला बघावं लागे, त्यामुळे नवं गिऱ्हाईक हमखास मागे वळून बघायचं, आणखी कोण आलंय म्हणून. तरी कागद बोटांत धरला की त्याची जाडी बिनचूक सांगायचे.

तर हा पुठ्ठा ठकीनं कापला तो बाबांच्याच फायलीसाठी.

बाबा बालगृहात वाढले. तिथली मुलं त्याला 'मोठं घर' म्हणत. वीसेक दिवसांचं पोर कोणीतरी तिथे आणून दिलं, त्याला एकतीस नंबर मिळाला, आणि बाराव्या वर्षी त्या एकतीस नंबरला एका बाइंडरच्या हाताखाली पाठवून दिलं. बाबांच्या आयुष्याचा आधीचा भाग एवढाच होता. ते तो रडतबिडत सांगत नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, "आई ठेवून गेली आणि विसरली. छत्री विसरतात तशी." ऐकणारा हसायचा. ठकीला लहानपणीही हसू आलं नव्हतं आणि आताही येत नव्हतं. ती एकच गोष्ट जाणून घ्यायला टपली होती. ती बाई खरंच विसरली होती का.

मोठं घर बंद पडून चाळीस वर्षं झाली होती. त्याचे कागद सरकारी दप्तरखान्यात पडून होते. ठकी तिथे एका रजिस्टरची शिवण दुरुस्त करायला गेली होती, तेव्हा भिंतीवर लावलेली सूचना तिनं वाचली. अमुक अमुक संस्थांच्या फायली या वर्षाअखेर लगद्यात जाणार, ज्याची फाइल त्यानं स्वतः अर्ज केला तर मूळ कागद घरी पाठवू. ती तिथल्या तिथे अर्ज घेऊन आली.

बाबांनी अर्जावर सही करायला आठ दिवस लावले. कधी चष्मा सापडेना, कधी पेन चालेना.

"कशाला उगाच उकरून काढायचं?" ते म्हणाले. "झालं ते झालं."

"तुमचे कागद लगद्यात जाऊ देऊ? तुम्ही बाइंडर ना?"

हे मात्र त्यांना लागलं. त्यांनी सही केली, ओळीच्या खूप वर.

दप्तरखान्यातल्या बाई फोनवर गोड बोलल्या. चार-पाच महिने लागतील म्हणाल्या, फायली तळघरात आहेत आणि शोधणारी मी एकटीच. किती कागद असतील, असं ठकीनं विचारलं. "दोन-चार पानं असतात हो. मूल आलं त्याचा कागद, गेलं त्याचा कागद." बस. ठकीनं त्या संध्याकाळी गडद हिरवं कापड काढलं, पुठ्ठा कापला, चार पानं आणि मागेपुढे अस्तर धरून करंगळीच्या नखाएवढी पाठ ठेवली आणि एक देखणं, चपटं कव्हर तयार केलं. ते घड्याळाशेजारच्या फळीवर उभं करून ठेवलं. जाता-येता त्याच्यावरची धूळ पुसायची.

टपालवाली सव्वाअकराला यायची. तरणी, धट्टीकट्टी पोरगी, सायकल भिंतीला टेकवली की आधी पाणी मागायची. पहिल्या महिन्यात ठकी अकरा वाजता सहज म्हणून दारात उभी राहायची. दुसऱ्या महिन्यात सहज म्हणायचं सोडून दिलं. तिसऱ्या महिन्यात टपालवालीच लांबून हात हलवून 'नाही' सांगायला लागली, म्हणजे ताईंचा जीव तेवढा वेळ तरी टांगणीला नको. ठकीला स्वप्नात पाकिटं दिसायची, आणि ती उघडली की आत कोरे कागद. एवढी मोठी बाई, पण पायरीवर पाऊल वाजलं की हातातली सुई सुटायची.

बाबांचं उलट. अकरा वाजले की त्यांना मागच्या खोलीत काहीतरी काम निघायचं. सुरुवातीला ठकीच्या लक्षात आलं नाही. मग एकदा टपालवालीनं विचारलं, "आजोबा माझ्यावर रागावलेत का? मला बघितलं की आत पळतात." ठकी आत गेली तर बाबा पलंगावर बसलेले, हात मांडीवर, शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर पोरं बसतात तसे.

"बाबा, काय चाललंय तुमचं?"

त्यांनी तिच्या कानाशेजारी बघितलं.

"ठके, त्या कागदात चोरीचं असेल."

"कसली चोरी?"

"मी मोठ्या घरातून शर्ट चोरून आणलाय."

ठकीला आधी वाटलं, म्हातारपण आलं. मग बाबा उठले, रंगीत कागदांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढला. त्या खणाला ती कधी हात लावत नसे, कारण त्यात जुने भिजलेले कागद आहेत असं बाबांनीच सांगितलं होतं. कागदांच्या तळातून त्यांनी एक पुडकं काढलं आणि सोडलं. आत एक पांढरा शर्ट होता, बारा-तेरा वर्षांच्या पोराचा. घड्या पिवळ्या पडलेल्या, बाकी कोरा करकरीत.

मग सगळं बाहेर आलं. मोठ्या घरातल्या प्रत्येक कपड्यावर पोराचा नंबर शिवलेला असायचा. शर्टाला तो कॉलरच्या आतून, जाड्याभरड्या दोऱ्यानं. निघायच्या दिवशी प्रत्येकाला दोन शर्ट मिळायचे. बाबा मालकाकडे पोचले, गाठोडं सोडलं, तर तीन निघाले. दोनांवर एकतीस नंबर होता. तिसऱ्यावर नंबरच नव्हता.

"नंबर नाही म्हणजे माझा नाही," बाबा म्हणाले. "कोणाचा तरी चुकून आला. परत द्यायला हवा होता. पण म्हटलं, परत न्यायला गेलो तर म्हणतील, चोरला होतास आणि आता घाबरून आणलास. मालक हाकलून देतील. म्हणून लपवून ठेवला."

"घातलात का कधी?"

"चोरीचा शर्ट कसा घालणार?"

"आणि मोठ्या घरी परत कधी गेला नाहीत?"

"दरवर्षी बोलवायचे. जुन्या मुलांचं संमेलन असायचं. एकदाही गेलो नाही. कोणी दारातच विचारलं असतं, शर्ट कुठाय, तर काय सांगितलं असतं?"

ठकीला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसानं गिऱ्हाइकाचा उरलेला वीतभर दोरासुद्धा परत केला, तो माणूस एका पोराच्या शर्टापायी एकोणसत्तर वर्षं मूग गिळून बसला होता. तिनं त्यांची समजूत घातली की कोणी तक्रारबिक्रार लिहिली नसेल, आणि लिहिली असली तरी आता कोण पकडायला येतंय. बाबांनी मान डोलावली, पण सव्वाअकराला आत जाणं काही त्यांनी सोडलं नाही.

पाचवा महिना संपता संपता एका स्वच्छ उन्हाच्या सकाळी टपालवालीनं लांबून हात हलवला नाही. दोन्ही हातांत तिनं एक गठ्ठा धरला होता. तो काउंटरवर ठेवला तेव्हा काउंटर वाजला.

"ताई, तुम्ही म्हणाला होता दोन-चार पानं."

ठकी गठ्ठ्याकडे बघत राहिली. चार बोटं जाड, दोरीनं बांधलेला, वर दप्तरखान्याचा शिक्का. तिनं फळीवरच्या त्या चपट्या कव्हराकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या हातकामाची लाज वाटली. मागच्या दारात बाबा येऊन उभे राहिले होते. गठ्ठा काउंटरवर आदळल्याचा आवाज ऐकूनच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"एका शर्टासाठी एवढे कागद?" ते म्हणाले.

टपालवाली पाणी प्यायली, पण जाईना. शेवटी ठकीनंच तिला सांगितलं की जे असेल ते उद्या सांगीन, तेव्हा ती निघाली. ठकीनं दाराला कडी घातली, खिडकीपाशी उजेडात टेबल ओढलं, बाबांना खुर्चीत बसवलं आणि दोरी सोडली. हात धुऊन आली होती तरी पुन्हा रुमालाला पुसले.

वर दप्तरखान्यातल्या बाईंची चिठ्ठी होती. त्यांनी लिहिलं होतं की मुख्य कागद दोनच आहेत, आलेल्याचा आणि गेलेल्याचा. बाकी सहाशे चौदा नुसत्या धुण्याच्या चिठ्ठ्या आहेत. तिथला तेव्हाचा व्यवस्थापक कागदाचा वेडा होता, दर शनिवारी कोणाला कोणते कपडे धुऊन दिले त्याची चिठ्ठी प्रत्येकाच्या फायलीत लावायचा. नको असल्यास टाकून द्याव्यात.

सगळ्यात वर आलेल्याचा कागद. अर्ध्या तावाचा, छापील, जांभळ्या शाईनं भरलेला. ठकीनं मोठ्यानं वाचला.

"मूल, पुरुष. वय अंदाजे वीस दिवस. प्रकृती बरी. आईचं नाव, सांगितलं नाही. बापाचं नाव, विचारलं नाही. आणून देणारी स्त्री, लिहिता येत नाही. नियम वाचून दाखवला, की यापुढे मुलाची भेट नाही आणि चौकशी नाही. समजलं म्हणाली. नंबर दिला एकतीस." खाली उजव्या कोपऱ्यात छापलं होतं, देणाऱ्याची सही अथवा अंगठा. तिथे एक अंगठा उठवलेला होता.

"नाव नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"पत्ता?"

"नाही, बाबा."

बाबांनी खुर्चीला पाठ टेकली. "शर्टाचं काही नाही ना?" त्यांनी विचारलं, आणि ती नाही म्हणाल्यावर सुटकेचा श्वास टाकला. पण त्या श्वासापाठोपाठ त्यांचा चेहरा उतरला तो ठकीनं बघितला. इतके महिने ते शर्टाला घाबरत होते, ते खरंच होतं. पण त्या भीतीआड त्यांनीही कसली तरी आस धरली होती, हे तिला आत्ता कळलं. उकरून काढायला लावलं मी, असं तिला वाटलं.

"म्हटलं ना तुला," बाबा म्हणाले. "विसरली ती." या खेपेला छत्रीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

आता दुसरं कोणी असतं तर धुण्याच्या चिठ्ठ्या रद्दीत गेल्या असत्या. पण बाइंडरच्या घरात पान टाकत नाहीत. लहान असो, फाटकं असो, निरर्थक असो, गिऱ्हाइकानं आणलेलं पान पुस्तकात गेलंच पाहिजे. ठकीला दुसरं काही सुचतही नव्हतं. तिनं सगळा गठ्ठा उभा धरून टेबलावर ठोकला, चारी बाजूंनी सारखा केला. कागद सगळे एकाच मापाचे होते, एकाच छापखान्यातले. मग बाबांनी शिकवलेली तपासणी करायला घेतली. शिवायच्या आधी गठ्ठा डाव्या हातात धरायचा, उजव्या अंगठ्यानं कोपरा दाबायचा आणि मागून पुढे पानं भराभर सोडत जायची. वाचायचं नाही, नुसतं बघायचं. एखादं पान उलटं असलं, आखूड असलं तर डोळ्याला ते लगेच खुपतं.

पानं सुटत गेली. शाई बदलत होती, काळी, निळी, जांभळी, परत काळी. अक्षर बदलत होतं, कारकून येत होते आणि जात होते. शर्ट दोन, चड्ड्या दोन. मागे मागे जाता शर्ट लहान होत गेले, मग झबली आली, मग दुपटी आणि लंगोट. सगळं धावत होतं. फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात, 'देणाऱ्याची सही अथवा अंगठा' या ओळीवर, एक अंगठा होता आणि तो जागचा हलत नव्हता. शेकडो पानं त्याच्यावरून गेली, तो तिथेच. अंगठ्यावर एक तिरकी चीर होती, पांढरी, टोकाला तिचे दोन फाटे झालेले. अगदी शेवटी शेवटी दोन पानांवर तो नाहीसा झाला आणि तिथे कोणाची तरी नीटनेटकी सही आली. मग शेवटचं पान पडलं, म्हणजे गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं, आणि अंगठा परत आला.

धुण्याची एक चिठ्ठी चुकून वर आली असेल, असं ठकीला वाटलं. तिनं ती खाली सरकवायला बोट घातलं आणि पान बघितलं. तो जांभळ्या शाईचा कागद होता. मूल, पुरुष, वय अंदाजे वीस दिवस.

ती उठून उभी राहिली. का उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. खिडकीतून ऊन येत होतं, समोरच्या शिंप्याचं यंत्र चालू होतं, रस्त्यावरून कोणी हातगाडी ढकलत होतं. तिनं भिंग घेतलं. चीर बघितली, फाटे बघितले. धुण्याच्या पहिल्या अंगठ्याची तारीख बघितली. मूल आणून दिल्यापासून एकोणिसाव्या दिवसाची होती. अंगावर काटा येतो म्हणतात तो असा हळूहळू येतो हे तिला माहीत नव्हतं, आधी मानेवर आणि मग हातांवर.

"बाबा," ती म्हणाली, "मोठ्या घरात कपडे कोण द्यायचं?"

"धुणंवाल्या मावशी. का?"

"कशा होत्या?"

"कशा म्हणजे? उंच होत्या. बोलायच्या नाहीत. कामाच्या लोकांनी पोरांशी बोलायचं नाही असा नियम होता. शनिवारी आम्ही नंबरानं रांग लावायचो, खिडकीतून त्या कपडे द्यायच्या. शर्ट तिथेच घालायचा. मग त्या वाकून कॉलर सारखी करायच्या, आतून अंगठा फिरवून." बाबांनी हवेत अंगठा फिरवला. ठकीला ती खूण चांगली ओळखीची होती. ती शाळेला निघाली की, लग्नाला उभी राहिली तेव्हा, आणि नवरा गेल्यावर ती परत दुकानात राहायला आली त्या दिवशीही, बाबांनी तिच्या कॉलरीतून, पदरापाशी, गळ्यापाशी असाच अंगठा फिरवला होता. बाबांची खोड म्हणून घरात चेष्टा व्हायची.

"सगळ्या पोरांच्या फिरवायच्या?"

"रांगेत पुढे बघायचं असायचं, ठके. मागच्याचं मला काय माहीत." त्यांनी स्वतःचा अंगठा चाचपला. "खरखरीत अंगठा होता. चीर होती त्याला."

"टोकाला दोन फाटे?"

बाबा खुर्चीत सावरून बसले. "तुला कसं कळलं?"

तिनं त्यांचं बोट धरून आधी एका चिठ्ठीच्या कोपऱ्यावर ठेवलं, मग दुसऱ्या, मग पाचशेव्या. हा मावशींचाच अंगठा, हाही, हाही. मग पहिल्या कागदाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि हा कोणता कागद आहे ते सांगितलं.

बाबा बाइंडर बोलेल तेच बोलले. "क्रम चुकला असेल. धुण्याची चिठ्ठी पुढे लागली असेल."

"नाही लागली. ऐका." तिनं जांभळा कागद पुन्हा वाचला, पहिल्या शब्दापासून. भेट नाही, चौकशी नाही, समजलं म्हणाली. शेवटपर्यंत वाचला.

मोठ्या घरात चाळीस पोरं होती. धुणंवाली एकच. चाळीस जणांच्या फायलीत तोच अंगठा असणार, हजारो वेळा. पहिल्या पानावर मात्र तो एकाच फायलीत होता, आणि ते पान दुसऱ्या पानांशेजारी धरून बघायचं कोणाला सुचलं नाही. कारकुनाला नाही, त्या कागदवेड्या व्यवस्थापकालाही नाही. नियम ऐकून, समजलं म्हणून ती दारातून बाहेर पडली होती, आणि एकोणीस दिवसांत दुसऱ्या दारानं आत येऊन तिनं बारा वर्षं साबणात हात बुडवले होते. बोलायची परवानगी नव्हती म्हणून बोलली नाही. दर शनिवारी कॉलर तेवढी सारखी केली.

"बारा वर्षं," बाबा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. ठकीनंही पुसलं नाही. तिला त्यांच्या अंगाला हात लावायलासुद्धा धीर होईना, इतकं मोठं काहीतरी त्या खोलीत येऊन बसलं होतं.

"मध्ये कधी चुकली का?" त्यांनी विचारलं.

ठकीनं एकेक पान उलटून बघितलं. सहाव्या वर्षी, थंडीत, तीन चिठ्ठ्यांवर दुसऱ्याच कोणाची सही होती, पानं भराभर सोडताना ती निसटली होती.

"तेव्हा शर्ट ओले मिळाले होते," बाबा म्हणाले. "तीन शनिवार. मला आठवतंय. मावशी आजारी आहेत म्हणाले. चौथ्या शनिवारी आल्या तेव्हा मी त्यांना एक बोललो होतो. तेवढंच एकदा."

"काय बोललात?"

"म्हटलं, मावशी, नंबर टोचतो."

ठकीच्या हातात तेव्हा शेवटची चिठ्ठी होती, बाबा निघाले त्या दिवसाची. तिनं ती अजून वाचली नव्हती. शर्ट दोन. चड्ड्या दोन. टॉवेल एक. त्याखाली कारकुनाची एक जादा ओळ होती. तिनं ती आधी मनात वाचली आणि मग मोठ्यानं.

"शर्ट एक जादा. धुणेवालीने आपल्या कापडाचा शिवला. नंबर घालण्यास तिने नकार दिला. विशेष बाब म्हणून परवानगी." आणि खाली अंगठा होता, कागद मागून उठून येईल इतका दाबलेला.

बाबांनी हात पुढे केला. काय हवंय ते तिनं विचारलं नाही. ती खालच्या खणातून पुडकं घेऊन आली आणि शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. एकोणसत्तर वर्षं त्यांनी त्याला लपवण्यापुरताच हात लावला होता. आता त्यांनी तो कागद चाचपतात तसा चाचपला, सावकाश, शिवणीशिवणीनं. टाके हाताचे होते, बारीक आणि सारखे. बटणं दुहेरी दोऱ्यानं लावलेली.

"मी संमेलनाला गेलो असतो तर खिडकीत असती ती," ते म्हणाले. "मी शर्टाला भ्यालो."

ठकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबांनी मग शर्टाची कॉलर उघडली आणि आतून अंगठा फिरवायला सुरुवात केली, एका टोकापासून. मध्यावर, जिथे नंबर असतो तिथे, त्यांचा अंगठा थांबला. तो मागे गेला आणि पुन्हा तिथे आला. त्यांनी ठकीचा हात ओढून तिचं बोट तिथे ठेवलं. कॉलरला आतून एक पट्टी लावलेली होती, दुसऱ्याच कापडाची. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या कापडाची, नुसती मानेपुरती.

"ऐकलं होतं तिनं," बाबा म्हणाले.